झिजलेल्या खिडक्यांचा हिशेब

हॅरोचं घर विकायचं असं एका रविवारी जेवताना ठरलं. म्हणजे माझ्या नवऱ्याने ठरवलं आणि मी आमटी वाढत राहिले. मी गप्प बसते तेव्हा होकार देत नसते, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारानंतर कळायला हवं होतं.

त्यांची बाजू चुकीची नव्हती. साउथॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये ते हाडांचे सर्जन. त्यांच्या नोकरीमुळे आम्ही लंडन सोडलं आणि हॅरोचं घर भाड्याने दिलं. तेव्हापासून भाडेकरूंचे फोन यायचे ते बहुतेक वेळा नवरा ऑपरेशन करून दमून घरी आलेला असतानाच. बॉयलर बंद पडला, नळ गळतोय, खिडकी लागत नाही. दोन हजार सालानंतर त्या भागात घरांच्या किमती वर्षागणिक चढत होत्या. ते म्हणायचे, "आता विकलं तर इथलं कर्ज फिटेल. डोक्याला ताप नको."

माझी बाजू एवढीच होती की ते घर माझ्या नावावर होतं आणि माझ्या पगारातून उभं राहिलं होतं. मी या देशात आले तेव्हा पस्तिशी ओलांडलेली होती. भारतातली फार्मसीची पदवी इथे जशीच्या तशी चालत नव्हती. पुन्हा अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि हॉस्पिटलच्या औषध विभागात नीट पगार सुरू व्हायला चाळिशी उजाडली. त्यांचं पेन्शन भक्कम होतं. माझं हिशेबाला बसल्यावर इतकं लहान निघालं की मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. हॅरोचं घर हेच माझं पेन्शन. ते विकून दुसऱ्या कर्जात घालायचं म्हणजे माझं म्हातारपण त्यांच्या म्हातारपणात मिसळून टाकायचं. प्रेम कितीही असलं तरी मला ते नको होतं.

हे मी असंच बोलले. ते थोडा वेळ भात चिवडत राहिले. मग म्हणाले, "बरं. एक अट. या आर्थिक वर्षात त्या घराने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. आपल्या खिशातली एक पेनी तिथे जायची नाही. गेली, की विकायचं. वाद नाही."

"कबूल," मी म्हणाले.

त्या घराचं बँकेत वेगळं खातं होतं. भाडं त्यात यायचं, खर्च त्यातून जायचा. मागच्या वर्षांचे दोन हजार सहाशे पौंड शिल्लक होते. मला वाटलं, अट सोपी आहे.

पुढच्याच शनिवारी भाडेकरूचा फोन आला. पुण्याचं तरुण जोडपं होतं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. नुकतंच बाळ झाल्यामुळे ती घरी होती. मी गाडी काढली आणि हॅरोला गेले. तिने मला थेट मागच्या बेडरूममध्ये नेलं.

"काकू, पडदा बघा."

खिडकी बंद होती आणि पडदा हलत होता.

"आम्ही एसी लावला नाहीये," ती म्हणाली. "हा तुमच्याकडून फ्री."

घर तीसच्या दशकातलं. खिडक्या पहिल्यापासूनच्या, लाकडी, एका काचेच्या. मी गाडीची किल्ली चौकटीत टेकवून बघितली, ती अर्धी आत गेली. काचेखाली काळी बुरशी, भिंतीला ओल. बाळ पलंगावर झोपलं होतं, डोक्यात टोपी, अंगात दोन स्वेटर. स्वयंपाकघराची तीच गत. कपाटांचा भुसा सुटला होता, सिंकखालचं तर फुगून दारच लागत नव्हतं.

"हे नवीन जागा बघू का म्हणून विचारत होते," ती म्हणाली. "पण मला इथून मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन जवळ पडते, वेम्बलीला भाजी मिळते. तुम्ही काही करणार असाल तर सांगा काकू. नसाल तर तेही सांगा."

"करणार आहे," मी म्हणाले. काय आणि कसं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

परतताना एम थ्री हायवेवर गाडी चालवता चालवता मनात आकडे मांडले. वर्षाचं भाडं अकरा हजार चारशे. कर्जाचं व्याज, विमा, गॅसची तपासणी, किरकोळ डागडुजी मिळून पाच हजार चारशे. उरले सहा हजार. शिल्लक धरून आठ हजार सहाशे. सगळ्या खिडक्यांचा भाव नंतर ठेकेदाराकडून आला तो चार हजार सहाशे, स्वयंपाकघराचा तीन हजार आठशे. म्हणजे काम करून खात्यात दोनशे पौंड राहत होते. पण त्या सहा हजारांवर माझ्या दराने चाळीस टक्के कर. चोवीसशे. ते कुठून आणायचे? खिशातून. आणि खिशातून एक पेनी गेली की घर गेलं.

औषध विभागात एक पुण्याची मैत्रीण होती. ती म्हणाली, "अगं, घसारा धर ना. माझे बाबा दुकानाच्या इमारतीवर दरवर्षी धरतात."

इथेच गंमत आहे. राहत्या घरावर इथे घसारा, म्हणजे झिजेपोटी वजावट, मिळत नाही. विटा, छप्पर, खिडक्या, जिना, सगळं वर्षानुवर्षं झिजत असतं, पण ते झिजतंय म्हणून कर खातं तुम्हाला काही देत नाही. मात्र झिजलेली वस्तू तुम्ही काढून टाकलीत आणि तिच्या जागी तशीच नवी बसवलीत, तर तो सगळा खर्च दुरुस्ती म्हणून त्याच वर्षी भाड्यातून वजा होतो. तशीच, हा शब्द महत्त्वाचा. त्याहून भारी बसवलीत, किंवा जी नव्हतीच ती बसवलीत, तर ती सुधारणा. सुधारणेचा खर्च भाड्यातून वजा होत नाही. घर विकाल तेव्हा विक्रीच्या नफ्यातून वजा करू, असं म्हणून तो बाजूला ठेवतात.

म्हणजे माझं घर टिकणार की जाणार, हे एका प्रश्नावर आलं होतं. खिडक्या आणि स्वयंपाकघर, दोन्ही दुरुस्तीत बसतात का? एकही सुटलं तर दोनशे पौंडांत कर भागत नव्हता. मी ते दोन्ही अंगांनी करून बघितलं होतं.

कर खात्याची मार्गदर्शक पत्रकं मी छापून घेतली आणि दुपारच्या सुट्टीत सँडविच खाता खाता वाचली. औषधांच्या मात्रा वाचायची सवय असल्यामुळे बारीक अक्षराचा कंटाळा येत नाही. एक गोष्ट स्पष्ट झाली. जुनी एका काचेची खिडकी काढून दुहेरी काचेची बसवली तरी ती दुरुस्तीच मानतात, कारण आता बाजारात सर्रास तीच मिळते. काळ पुढे गेला याचा दंड घरमालकाला नाही.

मी हे घरी सांगितलं तर नवरा हसला. "दुहेरी काच, प्लास्टिकची चौकट, आयुष्यात रंग द्यायला नको. आणि म्हणे दुरुस्ती!"

"तुम्ही गुडघा बदलता तेव्हा काय घालता? हाड?"

"धातू. आणि प्लास्टिक."

"मग माणूस नवा झाला म्हणता का?"

"नाही. म्हणतो, चालायला लागला."

"झालं तर."

"पण हाडाच्या जागी टायटॅनियम म्हणजे तुझ्या भाषेत सुधारणा नाही का?"

"आता हाड मिळतं का बाजारात?"

त्यावर ते जोरात हसले, आणि मला वाटतं त्या दिवसापासून त्यांना या प्रकरणात रस वाटायला लागला. त्यातूनच पुढचा घोटाळा झाला.

करवर्ष पाच एप्रिलला संपतं. काम त्याआधी व्हायला हवं होतं. खिडक्या फेब्रुवारीत बसल्या. भाडेकरीण फोनवर म्हणाली, "काकू, आता घरात आवाजच येत नाही. बाळ रडलं की कळतं किती रडतं ते." स्वयंपाकघराचं काम मार्चमध्ये होतं. मी कपाटं जशीच्या तशी निवडली होती. तेवढीच, त्याच जागी, साधा लॅमिनेटचा ओटा, पूर्वी होता तसा. फक्त भिंतीवर दोन जादा कपाटं आणि चुलीवर धूर ओढणारा पंखा, जो पूर्वी नव्हता. फोडणीच्या घरात तो नसला तर भिंतींचं काय होतं ते मला माहीत होतं. त्या दोन गोष्टी पाचशे पौंडांच्या होत्या. त्या सुधारणेत जाणार हे मी आधीच मानून चालले होते.

कामाच्या आठ-दहा दिवस आधी वेम्बलीच्या एका दगडवाल्याचा फोन आला. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याचं माप घ्यायला कधी येऊ?

"कुठला ओटा?"

"डॉक्टरसाहेबांनी दीडशे पौंड अॅडव्हान्स दिलाय."

डॉक्टरसाहेब संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा सरप्राइज देणाऱ्या माणसाचा होता.

"अगं, ओटा काय लॅमिनेटचा? लाकडाच्या भुशावर कागद चिकटवलेला? आपल्याकडे गरिबाच्या घरी सुद्धा दगडाचा ओटा असतो. त्या पोरीने पोळ्या कशावर लाटायच्या?"

"पोळपाटावर."

"करायचंच तर एकदाच चांगलं करावं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या माहेरी, सासरी, ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात. पंखा बदलायला घेतला तर छतही बदलायचं. नळ बदलायला घेतला तर टाइल्सही. एकदाच, चांगलं, पुन्हा हात लावायला नको. आणि स्वयंपाकघराची पाळी आली की दगडाच्या ओट्यावाचून घराला घरपण येत नाही. हॅरोला आमच्या ओळखीत निदान तिघांनी भाड्याच्या घरात हेच केलं होतं आणि वर सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

"अकराशे पौंड जास्त लागतील. ते खात्यात नाहीत," मी म्हणाले.

"ते मी..." ते बोलता बोलता थांबले.

"बोला ना. खिशातून देणार होतात?"

ते कोट काढायला लागले.

"आणि पैसे असते तरी दगड नको. लॅमिनेटच्या जागी ग्रॅनाइट म्हणजे दर्जा बदलला. मग पाचशे नाही, अख्खं स्वयंपाकघर सुधारणेत ढकलतील. तीन हजार आठशेच्या तीन हजार आठशे."

"एका दगडासाठी?"

"एका दगडासाठी. तुम्हाला घर विकायचंच असलं तर सरळ विका. असं दगड घालून नको."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ते खरंच चांगल्या मनाने केलं होतं हे मला कळत होतं, पण मी मागे हटले नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः दगडवाल्याला फोन करून ऑर्डर रद्द केली. अॅडव्हान्स परत मिळाला नाही. तो घराच्या खर्चात धरायचा प्रश्नच नव्हता, कारण घराने दगड मागितला नव्हता. तो ह्यांच्या खिशातून गेला तो ह्यांच्या हौसेचा.

मे महिन्यात मी सगळे कागद घेऊन अकाउंटंटकडे गेले. वेम्बलीला इलिंग रोडच्या मागे त्यांचं छोटं ऑफिस होतं. मूळचे नागपूरचे, ह्यांच्या कॉलेजातल्या मित्राचे मोठे भाऊ, म्हणून मला वहिनी म्हणायचे. त्यांनी बिलं चाळली आणि पेन खाली ठेवलं.

"वहिनी, सगळं सुधारणेत टाकून देऊ. विकताना कामी येईल. उगाच कोणी विचारलं तर उत्तरं देत बसा."

"मी विकणार नाही, भाऊ. आणि विचारलं तर उत्तर देईन."

मी जुन्या खिडक्यांचे फोटो काढले होते, किल्ली आत गेलेली चौकट दिसेल असे. फुगलेल्या कपाटांचे काढले होते. ठेकेदाराकडून बिलात खोली-खोलीप्रमाणे लिहून घेतलं होतं की काय काढलं आणि त्या जागी काय बसवलं. हे सगळं मी त्यांच्या टेबलावर एकामागोमाग एक मांडलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बरं बाप्पा. मग असं करू, सगळंच दुरुस्तीत घेऊ. हा पंखा अन् ही दोन कपाटं पण. पाचशेची काय कटकट? कोण मोजायला येतंय?"

"ती पूर्वी नव्हती."

"अहो, पण कळणार कोणाला?"

"मला."

ते खुर्चीत मागे रेलले. "तुमचं काही समजतच नाही वहिनी. हक्काचं सोडत नाही अन् फुकटचं घेत नाही. आमच्याकडे लोक उलटे येतात."

"हक्काचं पूर्ण घ्यायचं असेल तर फुकटचं घेऊन चालत नाही. एकात खोट निघाली तर दुसरंही खोटं वाटतं."

त्यांनी लिहायला घेतलं. पंखा आणि कपाटं वेगळी काढली. मग सहज विचारलं, "जुनं सगळं कचऱ्याच्या स्किपमध्ये गेलं ना? भंगार विकलं असेल तर तेवढं वजा करावं लागेल."

मी हो म्हणणार होते. पण मी तिथे नव्हते. जुनं सामान काढलं त्या दिवशी मी ड्यूटीवर होते आणि हॅरोला हे गेले होते. मी म्हटलं, विचारून सांगते.

घरी आल्यावर विचारलं. ते म्हणाले, "खिडक्या गेल्या स्किपमध्ये."

"आणि कपाटं?"

"तीही... म्हणजे बरीचशी."

मी गॅरेज उघडलं. आत, लॉन मोअरच्या मागे, भिंतीला लावून हॅरोची चार कपाटं उभी होती. कोरडी, सिंकपासून लांबची, दारं नीट लागणारी. एकात तांदळाची पोती, एकात गव्हाच्या पिठाची, वर लोणच्याच्या बरण्या. मी गॅरेजमध्ये महिना-दोन महिन्यांत गेले नव्हते.

"टाकवेनात," ते मागून म्हणाले. "चांगली होती गं. व्हॅनवाल्याला थोडे पैसे दिले आणि आणली."

मला राग यायला हवा होता. पण माझी आईही असंच म्हणाली असती. तिच्या घरात जुन्या पंख्याचं पातंसुद्धा कधी बाहेर गेलं नाही.

"यांची किंमत लावावी लागेल," मी म्हणाले.

"कशाची?"

"ही घराची होती. आता आपण वापरतो. म्हणजे आपण ती घराकडून विकत घेतली. सेकंडहँड दुकानात अशा कपाटाला काय पडतं?"

"अगं, आपलीच कपाटं आपणच विकत घ्यायची?"

"आपली नव्हेत. त्या घराची."

ते मला वेडी समजून बघत राहिले. मग पुढच्या शनिवारी स्वतःच जुन्या फर्निचरच्या दोन दुकानांत जाऊन आले आणि म्हणाले, "वीस पौंडाला एक. जास्त नाही. घासाघीस करू नकोस, मी केली." चार कपाटांचे ऐंशी पौंड त्यांनी घराच्या खात्यात भरले.

पावती बघून मी म्हणाले, "हे खिशातून गेले की!"

"मदत नाही ही. मालाची किंमत आहे," ते म्हणाले. "तूच म्हणालीस ना, विकत घेतली?"

बरोबर होतं. मी अकाउंटंटना कळवलं. दुरुस्तीच्या खर्चातून ऐंशी वजा झाले. शेवटचा आकडा असा आला की सहा हजारांच्या नफ्यातून सात हजार आठशे वीस वजा. त्या वर्षी कर शून्य, आणि अठराशे वीसचा तोटा पुढच्या वर्षीच्या भाड्यातून वजा करायला शिल्लक. खात्यात दोनशे ऐंशी पौंड.

रिटर्न भरला गेला त्या संध्याकाळी मी हिशेबाचा कागद ह्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो क्ष-किरणाची फिल्म बघावी तसा उजेडाकडे धरून वाचला. दोनदा वाचला.

"दोनशे ऐंशी."

"हो."

"एवढेच?"

"एवढेच. आणि आपल्या खिशातलं काही नाही."

"कर खात्याने उद्या विचारलं तर?"

"फोटो आहेत. बिलं आहेत. तुमच्या कपाटांची पावतीसुद्धा आहे."

त्यांनी कागद घडी न घालता टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. तू जिंकलीस. घर राहू दे. अट संपली."

मला खरं तर हेच हवं होतं. पण ते ऐकल्यावर लक्षात आलं की मला असं नको आहे. अट संपली म्हणजे पुढच्या वर्षी ते घर त्यांच्या मोठ्या मनावर चालणार. बॉयलर गेला की ते म्हणणार, दे गं, आपल्याच घराला देतोय. आणि मग ते घर हळूहळू पुन्हा आमचं होणार, माझं राहणार नाही.

"संपली नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"दरवर्षी हीच अट. घराने स्वतःचं स्वतः भागवायचं. ज्या वर्षी भागणार नाही त्या वर्षी मी विकेन. तुम्ही सांगायची गरज नाही."

"अगं, मी सोडून दिलं आणि तू धरून बसलीस?"

"हो."

ते खुर्ची मागे सारून उठले, चहाचं पाणी ठेवायला गेले, आणि तिथूनच विचारलं, "पुढच्या वर्षी काय जाणार आहे त्या घराचं?"

"बॉयलर," मी म्हणाले. "पण तो या उन्हाळ्यातच बघून घेते. थंडीत भाव चढतात."